डोळे आखलेली गाडी

माणसाने खुशाल निवृत्त व्हावं, पण ते व्याह्यांना कळू देऊ नये, असं माझं आता ठाम मत झालं आहे.

मी मोजणी खात्यात होतो. मालवण तालुक्यात हद्दीवरचा असा एक दगडी गडगा दाखवा, ज्याच्या दोन्ही बाजूंच्या शिव्या मी खाल्लेल्या नाहीत. इंचाचा वाद असला तरी लोक 'केळुसकरभाऊंका बोलवा' म्हणत. असा माणूस निवृत्त होऊन देवबागेतल्या घराच्या पडवीत बसला, की त्याच्याकडे बघणाऱ्यांच्या नजरेत जो फरक पडतो, तो मोजायला कुठलीही साखळी पुरत नाही. शेजारचा दत्ताराम तर मला येता-जाता 'काय भाऊ, बसलंस?' असं विचारतो. बसलेल्या माणसाने याला काय उत्तर द्यायचं?

आमची आकांक्षा पुण्यात दिली आहे. तिच्या सासऱ्यांना सगळे अप्पासाहेब म्हणतात. त्यांच्या दिवाणखान्यात काचेचं एक मोठं कपाट आहे आणि त्यात छोट्या छोट्या मोटारी आहेत. विकत घेतलेल्या नव्हेत. खोक्यात सुटे भाग मिळतात, ते जोडून, रंगवून अप्पासाहेबांनी स्वतः केलेल्या. पाहुण्याला चहा नंतर मिळतो, आधी कपाट दाखवतात.

मे महिन्यात ते आमच्याकडे आले, चार दिवस सुरमई खाल्ली आणि निघताना माझ्या हातात एक खोकं ठेवलं. खोक्यावर एका मोटारीचं चित्र होतं. तिला पुढचे मडगार्ड नव्हते, बॉनेट नव्हतं, इंजिन उघडं पडलेलं, छप्पर अर्धं कापून खाली आणलेलं, आणि पुढची चाकं लहान, मागची मोठी.

"याला हॉट रॉड म्हणतात, केळुसकर," अप्पासाहेब म्हणाले. "मूळ गाडी एकोणीसशे बत्तीस सालची. अमेरिकेतली पोरं अशा जुन्या गाड्या भंगारातून आणायची, नको ते काढून टाकायची आणि मोठं इंजिन बसवून पळवायची. हे तिचं एक पंचवीसांश. तुमच्याकडे आता वेळच वेळ. चतुर्थीला येतो तेव्हा बघू काय केलंत ते."

इथवर ठीक होतं. पण गाडीत बसता बसता ते पुढे म्हणाले, "आणि नाही जमलं तर उघडूसुद्धा नका. तसंच ठेवा. मी येऊन करून देईन."

हे ऐकून माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. ज्याने तालुक्याचे नकाशे केले, त्याला एक पंचवीसांश प्रमाण जमणार नाही? त्या क्षणी मी ठरवलं, चतुर्थीला ही गाडी व्याह्यांच्या नाकासमोर उभी करायची. त्यांच्या तोंडून 'वा' आलं पाहिजे. बाकी मला काही नको होतं.

खोकं उघडलं तेव्हा दत्ताराम हजर होताच. त्याने चित्र बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"बॉनेट खंय आसा हेचा?"

"नसतंच ते."

"आणि मडगार? टप पण चेपलेलो आसा. भाऊ, तुका व्याह्यान अपघातातली गाडी दिल्यान."

मी त्याला हॉट रॉडचा सगळा इतिहास सांगितला. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "मगे नवीन काय? आमचो सुदेश अशीच जीप चालवता. आरटीओन दोनदा धरल्यान."

आत डिंक नव्हता आणि रंगही नव्हता. डिंकावाचून जोडायचं ते कसलं जोडकाम, पण अमेरिकेत ही पद्धत आहे. मालवणात चौकशी केली, नाही मिळाला. तेव्हा दत्तारामने नळाचे पाइप चिकटवायचं सोल्यूशन आणून दिलं. "हेना टाकी चिकाटता, तुझा खेळणा काय मोठा?"

मी ते छपराच्या कडेला लावलं. छपराने थोडा वेळ विचार केला आणि ते एका बाजूने हळूहळू खाली बसलं. अमेरिकेतली पोरं छप्पर करवतीने कापून खाली आणत. मी ते न कापता आणलं, एवढाच काय तो फरक.

शेवटी आकांक्षाने पुण्याहून खास डिंक कुरिअरने पाठवला. तो कुडाळला येऊन अडकला. मी गेलो. टेबलापलीकडचा तरुण माझ्याकडे न बघता म्हणाला, "पत्ता अपुरा आहे, काका."

"देवबाग, संगमाच्या अलीकडे," मी म्हटलं आणि सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, चतुःसीमा सगळं सांगितलं.

"सर्व्हे नंबर नको. लँडमार्क सांगा. जवळ हॉटेल-बिटेल काही आहे का?"

ज्या जमिनीची मोजणी मी केली, तिच्यावर मला शोधायला हॉटेल लागणार! "इथेच द्या, मी आलोच आहे," असं म्हणालो तर तो म्हणाला, वस्तू ज्वलनशील आहे, हातात देता येत नाही. मग घरी कशी देणार, तर घरीही देता येत नाही. लँडमार्कला देता येते. यात काय तर्क आहे तो मी परतताना एसटीत खूप शोधला. अखेर मान खाली घालून मी शेजारचा 'दत्ताराम होमस्टे' हाच पत्ता सांगून आलो होतो.

डिंक आला. दत्तारामकडे आला. त्याच्या बोर्डावरची प्लॅस्टिकची अक्षरं पावसाने सुटली होती आणि 'होमस्टे'मधला 'हो' तर पार गटारात गेला होता. मी पोचलो तेव्हा तो शिडीवर उभा होता.

"भाऊ, गम एक नंबर आसा हां! बघ, 'हो' कसो बसलो. आता तुझो लँडमार्क पक्को झालो."

तळाशी राहिलेल्या थेंबांवर मी गाडी जोडली. ती कशी जोडली हे माझं मला माहीत. भिंग लावून, श्वास रोखून, रुक्मिणीच्या भुवया उपटायच्या चिमट्याने. रुक्मिणी म्हणजे माझी बायको. माझ्या कुठल्याही उद्योगाबद्दल तिचं मत आधीच तयार असतं. हार्मोनियम अर्धवट, मधमाश्यांची पेटी अर्धवट, परसातला गांडूळखताचा खड्डा अर्धवट, ही यादी तिला तोंडपाठ आहे. एका सकाळी तिने पडवी झाडली आणि स्टेअरिंग केरातून गेलं. मुंगीने ओढून न्यावं एवढं ते स्टेअरिंग, पण त्यावाचून गाडी चालवणार कोण? मी केराच्या ढिगाशी उकिडवा बसून शोधत होतो आणि सगळी वाडी मला बघून जात होती.

रुक्मिणीला बहुतेक दया आली. तिने स्वतःच्या ब्लाउजचं टिचबटण उसवलं आणि त्याचं एक अर्धं माझ्या तळहातावर ठेवलं. "ह्या लावा. गोल आसा ना? झाला तर मगे." ते अगदी मापात बसलं. दुसरं अर्धं ब्लाउजलाच राहिलं. ब्लाउजला पिन लावून ती महिनाभर हिंडत होती, हे इथे नमूद करून ठेवतो.

राहिला रंग. देवबागेत एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, वरून श्रावण. लावलेला रंग वाळत नव्हता. आज लावला तर उद्या त्यावर पांढुरकी साय यायची. मीठसुद्धा जिथे बाटलीत पाणी होतं, तिथे रंगाने तरी काय करावं? अख्ख्या वाडीत कोरडी जागा एकच होती, बाळा मेस्त्रीची गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायची जागा. तिथे मूर्ती वाळवायला मोठे दिवे होते आणि रंगाची हवेची पिचकारीही होती.

पण चतुर्थी तोंडावर आलेली. बाळा मेस्त्री चांगल्या दिवसांतही माणसाच्या अंगावर येतो, मग त्या दिवसांत विचारूच नका. माझ्या हातातली गाडी बघून तो गरजला, "भाऊ, तुमका ह्या गॅरेज वाटला काय? हय माका मरूक वेळ नाय!"

मी गेलो नाही. निवृत्त माणसाकडे एवढी एकच ताकद असते, की तो जात नाही. तिन्हीसांजेपर्यंत मी त्याच्या दारात उभा राहिलो. शेवटी तो म्हणाला, "ठेवा थय तुमच्या पाटार. गणपतीवांगडा मारतंय रंग. पुना येव नकात."

आमच्याकडे प्रत्येक घर आपला पाट आधीच शाळेत नेऊन देतं आणि त्याच पाटावर त्या घरचा गणपती घडतो. आमच्या पाटावर गणपती बसले होते, बाजूला उंदीर होता. उंदराच्या शेजारी मी गाडी ठेवली आणि लाल रंग, त्यावर जाळाचे पट्टे, असं सांगून आलो. मनातून मी फार खूश होतो. हीच ती चूक.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मूर्ती आणायला गेलो. गाडी बघितली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आधी आनंदाने. काय रंग! पाण्यातलाच, गणपतीच्या शेल्याचा लाल, पण असा लखलखीत की बोट लावायला भीती वाटावी. जाळाच्या पट्ट्यांना सोनेरी कड. मग मी समोरून बघितलं.

गाडीच्या दोन दिव्यांत दोन डोळे होते. बुबुळं, भुवया, कोपऱ्यात लालसर छटा. शांत, किंचित खाली वळलेले, कृपाळू डोळे.

"मेस्त्री!" माझ्या तोंडून एवढंच आलं.

बाळा मेस्त्री खांबाला टेकून बसला होता. "आखणीक बसलंय की माका भान नसता, भाऊ. ओळीन सगळ्यांचे डोळे काढीत इलंय. तुमच्या गणपतीचे काढले, उंदराचे काढले, हात तसोच फुडे गेलो. ऑइलपेंट आसा. निघूचो नाय."

मी गाडी उचलायला गेलो तर ती हलेना. वाटेत पडू नये म्हणून त्याने चारही चाकं मातीने पाटाला लिंपून टाकली होती. मी खिशातून चाकू काढला. रुक्मिणीने माझा हात धरला.

"खुळे झालास काय? डोळे आखल्यार पाटावरचा काय हलवचा नसता. येवंदेत थयच. विसर्जनाच्या वेळेक काढा."

म्हणजे गाडी गणपतीसोबत, डोक्यावरून, टाळ्या आणि फटाक्यांच्या गजरात घरी आली. तरी मी धीर सोडला नाही. आमचा गणपती पाच दिवसांचा. अप्पासाहेब दुसऱ्या दिवशी यायचे होते. मखरातली गाडी त्यांना अधिकच भव्य दिसेल, असंही मी स्वतःला समजावलं. तेवढ्यात अप्पासाहेबांचा फोन आला: रेल्वेगाड्या भरलेल्या, तिकीट नाही, पाचव्या दिवशी पोचतो.

चार दिवस माझी गाडी पूजेत होती. रुक्मिणी तिला दुर्वा वाहत होती, धुराड्यांच्या नळ्यांत अगरबत्त्या खोचत होती. भजनाला आलेल्या बुवांनी, उंदराला ही गाडी बघून राग तर येणार नाही ना, अशी शंका काढली आणि त्यावर चहा गार होईपर्यंत चर्चा झाली. मी फोनवर फोटो काढत राहिलो. प्रत्येक फोटोत जास्वंदीचा ढीग आणि त्याखालून डोकावणारं एक चाक.

पाचव्या दिवशी दुपारी अप्पासाहेबांचा फोन आला. "कुडाळला उतरलोय. रिक्षा मिळाली की निघतोच."

मी आरती लांबवली. येत असतील-नसतील त्या सगळ्या आरत्या म्हणायला लावल्या. प्रसाद दोनदा वाटला. शेवटी दत्ताराम वैतागला. "भाऊ, पाणी उतराक लागला. ओहोटी तुझ्या व्याह्याक थांबतली काय?" आणि गणपती उठवण्याआधीचं गाऱ्हाणं घालायला तो पुढे झाला. वाडीत तो मान त्याचा आहे.

ज्यांना गाऱ्हाणं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक जण देवाला साकडं घालतो आणि तो थांबला की बाकीचे सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. म्हणतात म्हणजे ते आपोआप येतं. आम्ही पाळण्यातून हे ऐकत आलो. त्यात डोक्याचा काही संबंध नसतो.

"बा देवा म्हाराजा!" दत्तारामने हात जोडले. "आज पाच दिस आमच्या हातसून जी काय वेडीवाकडी सेवा घडली, ती गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"दर्यात जाणाऱ्या होड्येक, घरातल्या लेकराबाळांक सुखात ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या आमच्या भाऊक रिटायर झाल्यापासून काय एक कामधंदो नाय, तरी सगळो पावस खपान तेना तुका जी गाडी केल्यान, ती तू तुझ्यावांगडा घेवन जा, आणि फुडल्या वर्सा तेच गाडयेन लवकर ये रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

शब्द तोंडातून गेल्यावर ते मला ऐकू आले. मी रुक्मिणीकडे बघितलं. ती हळूच म्हणाली, "आता काय करतलास? दिलास तुमी." गाऱ्हाण्यात दिलेलं परत घेणारा माणूस वाडीत अजून जन्माला यायचा आहे. खाडीच्या कमरभर पाण्यात गणपती गेले, उंदीर गेला आणि माझी गाडीही गेली. जाताना तिने माझ्याकडे एकदा बघितलं. तेच शांत, कृपाळू डोळे.

रिकामा पाट काखेत मारून आम्ही वर आलो, तेव्हा दारात अप्पासाहेब रिक्षातून उतरत होते.

"काय केळुसकर! दाखवा बघू आमची गाडी."

पाटावर मातीचे चार डाग होते. मी तेच दाखवले.

त्या संध्याकाळी मी त्यांना गाडीचं वर्णन ऐकवलं. खरं सांगायचं तर त्या वर्णनातली बरीचशी गाडी मी त्या संध्याकाळीच तयार केली. सरळ रेषेतलं छप्पर, न दिसणारे सांधे, बोटाने दाबला की लागणारा ब्रेक. अप्पासाहेब ऐकत होते. "असं का," ते म्हणाले. "फोटो?" मी जास्वंदीचा ढीग दाखवला. "असं का," ते पुन्हा म्हणाले. 'वा' आलं नाही.

सकाळी मला जाग आली तेव्हा ते किनाऱ्यावर गेले होते. पलीकडच्या वाडीची रापण लागली होती. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. जो दोरीला हात लावेल त्याला मासळीचा वाटा द्यायचा, ही रीत. अप्पासाहेबांनी हौसेने दोरी ओढली होती. त्यामुळे ते परतले ते एका पिशवीत बांगडे घेऊन, आणि दुसऱ्या हातात गाडी घेऊन.

"पाहुण्यांचा वाटा म्हणून दिली त्यांनी!" त्यांनी ती टेबलावर ठेवली. "केळुसकर, हीच का हो ती?"

रंग सगळा धुऊन गेलेला. करडं, उघडं प्लॅस्टिक. छप्पर एका बाजूने बसलेलं, एक चाक नाही, इंजिनात शेवाळ. काल संध्याकाळी मी वर्णन केलेल्या गाडीशी तिचं काही नातं नव्हतं. फक्त डोळे जसेच्या तसे होते.

"छे!" मी म्हणालो. "ही? माझी नव्हे."

"पण किट तर तेच आहे."

"इथे पर्यटक फार येतात. काहीही टाकतात समुद्रात."

तेवढ्यात रुक्मिणी चहा घेऊन आली. तिने गाडी बघितली. त्यातलं टिचबटण बघितलं. मग माझं तोंड बघितलं. इतक्या वर्षांच्या संसारात जिने माझी बाजू कधी घेतली नाही, ती बाई त्या क्षणी पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या शुद्ध मराठीत म्हणाली, "ह्यांची? नाही हो अप्पासाहेब. ह्यांची फार सुंदर होती. ही कुणाची कोण जाणे."

माझा ऊर भरून आला.

अप्पासाहेबांनी चष्मा लावला. गाडी हातात घेतली. उलटली, परत सरळ केली. छपराच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"वा!" ते म्हणाले.

मी कप खाली ठेवला.

"काय काम आहे हो! हे छप्पर बघा. कापलेलं नाही, वितळवून कलवलं आहे. जुन्या गाडीचं वय कसं दाखवलंय! आणि स्टेअरिंग? टिचबटण! इतकी वर्षं या गाड्या करतोय, मला हे कधी सुचलं नाही. आणि हे डोळे..." ते थांबले. "माझ्या कपाटात एवढ्या गाड्या आहेत, केळुसकर, पण त्या सगळ्या खोक्यावरच्या चित्रासारख्या. हिला बघून मात्र कुणी केली असं विचारावंसं वाटतं. कोण असेल हो हा माणूस?"

मी तोंड उघडलं. रुक्मिणीने माझ्याकडे बघितलं. नुकतीच माझ्यासाठी खोटं बोललेली बायको समोर उभी असताना माणूस काय बोलणार?

"कोण जाणे," मी म्हणालो.

अप्पासाहेबांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग "असेल कुणी," असं म्हणून त्यांनी गाडी रुमालात गुंडाळली. त्यांना कळलं होतं की नव्हतं, याचा उलगडा मला आजवर झालेला नाही.

परवा आकांक्षाने फोटो पाठवला. कपाटाचा मधला खण, खास दिवा, आणि त्यात एकटी माझी गाडी. रंग दिलेला नाही, चाक लावलेलं नाही. पुढे छोटी पाटी: 'देवबाग. कर्ता अज्ञात.' खाली तिने लिहिलं होतं, 'बाबा, येणारा प्रत्येक जण हिच्यासमोरच थांबतो. आणि अप्पांनी तुमच्यासाठी एक सोपं किट पाठवलंय, दत्तारामकाकांकडे येईल.'

मी फोटो मोठा करून बघत होतो. रुक्मिणी आतून आली. हातात तो ब्लाउज होता, पिन लावलेला.

"हेचो दुसरो अर्धो हय आसा," ती म्हणाली. "धाडया पुण्याक? जोडून बघतले, तर पटतला तेंका."

मी फोन खाली ठेवला. हद्द एकदा तोंडाने कबूल केली, की पुढे पुरावा सापडला तरी गडगा हलत नाही, हे मी आयुष्यभर लोकांना त्यांच्या अंगणात उभं राहून सांगत आलो होतो. ते ऐकताना त्यांची तोंडं कशी होत, ते मला आठवलं.

"नको," मी म्हटलं. "नवीन बटण लाव."